पडद्यावरचे ऐंशी टक्के

आमच्यापैकी एक जण अमरावतीला गणित शिकवतो, दुसरा अकोल्याला विज्ञान. हा लेख दोघांनी मिळून लिहिला, त्याला निमित्त झाला नववीतला एक विद्यार्थी. मधल्या सुटीत तो चिडून म्हणाला, ''सर, ऐंशी टक्के होते नं जी! मंग वार हुकला कसा?'' तो फोनवरच्या एका लढाईच्या खेळाविषयी बोलत होता. त्याच्या शिपायाने वार केला. वार लागण्याची शक्यता ८० टक्के आहे, असे पडद्यावर आधी दिसले होते आणि तरी वार हुकला. खेळ फसवतो, असे त्याचे ठाम मत झाले होते.

आम्ही त्याला नेहमीचे उत्तर दिले : ऐंशी म्हणजे शंभर नव्हे. पण अशा खेळांची माहिती काढताना एक गमतीची गोष्ट कळली. या प्रकारातला एक नामवंत खेळ पडद्यावरच्या आकड्याशी खरोखरच प्रामाणिक नाही. मात्र तो बहुतेक वेळा खेळणाऱ्याच्या फायद्याचे खोटे बोलतो.

आधी हे खेळ कसे असतात ते पाहू. बुद्धिबळासारखा चौकटींचा पट पडद्यावर असतो. त्यावर जंगल, नदी, किल्ला अशा जागा असतात. दोन्ही बाजू आळीपाळीने चाली करतात. बुद्धिबळात मोहरे मारायला गेले की मारतेच, इथे मात्र नशिबाचा भाग असतो. शिपायाचे कौशल्य, समोरच्याची चपळाई, तो उघड्यावर उभा आहे की झाडीत, यांवरून वार लागण्याची शक्यता टक्क्यांत काढली जाते. शिवाय प्रत्येक शिपायाला नाव असते, गोष्ट असते आणि लढता लढता तो तयार होत जातो.

जपानमधल्या 'फायर एम्ब्लेम' या मालिकेचा पहिला खेळ निन्टेन्डो कंपनीने २० एप्रिल १९९० रोजी टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉम यंत्रासाठी आणला. त्यात मेलेला शिपाई सहसा कायमचा जाई. त्यामुळे एकेका टक्क्याला किंमत होती. २००८ साली हाच खेळ हातात मावणाऱ्या, दोन पडद्यांच्या 'डीएस' यंत्रासाठी नव्याने तयार झाला. अशी उदाहरणे आणखीही आहेत. १९९५ चा 'टॅक्टिक्स ओगर' २०१० साली आणि १९९७ चा 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स' २००७ साली सोनीच्या 'प्लेस्टेशन पोर्टेबल' या हातातल्या यंत्रावर नव्या रूपात आले. आळीपाळीच्या चालींचा खेळ अशा यंत्राला सोयीचा असतो. बदनेऱ्याला गाडीत बसून चार चाली कराव्यात, अकोला आले की यंत्र मिटावे.

चित्रे बदलली, यंत्र लहान झाले, पण राजपुत्र मार्थची गोष्ट तीच राहिली. मग आत काय बदलले? आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल डोळ्यांना दिसतच नाही. खेळणाऱ्यांनी प्रोग्राम उकलून पाहिले, तेव्हा तो कळला.

१९९० च्या खेळात वाराचा निकाल एका संख्येवर लागे. यंत्र ० ते ९९ मधली एक संख्या काढी. वार लागण्याची शक्यता ८० असेल आणि काढलेली संख्या ८० पेक्षा लहान असेल, तर वार लागला. ० ते ७९ या ऐंशी संख्या, म्हणजे शंभरात बरोबर ८०. हिशेब चोख.

२००२ साली ही मालिका प्रथमच हातातल्या यंत्रावर, 'गेम बॉय अॅडव्हान्स'वर आली आणि रीत बदलली. यंत्र आता दोन संख्या काढून त्यांची सरासरी घेऊ लागले. सरासरी ८० पेक्षा कमी आली, तर वार लागला. २००८ च्या नव्या आवृत्तीतही हीच रीत आहे. वाचणाऱ्याला वाटेल, एक संख्या काय नि दोनांची सरासरी काय, फरक तो कितीसा? वर्गात करूनच पाहा.

० ते ९ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या एका डब्यात घाला. पडद्यावर '१० पैकी ८' दिसते आहे, असे समजा. एकच चिठ्ठी काढली, तर ती ८ पेक्षा लहान असण्याची शक्यता दहात ८, म्हणजे शंभरात ८०. आता एक चिठ्ठी काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका, डबा हलवा आणि दुसरी काढा. दोघींची सरासरी ८ पेक्षा कमी, म्हणजेच बेरीज १६ पेक्षा कमी हवी. फळ्यावर दहा बाय दहाचा तक्ता आखून शंभर जोड्या मांडा. बेरीज १६ किंवा जास्त येणाऱ्या जोड्या कोणत्या? ७-९, ८-८, ८-९, ९-७, ९-८ आणि ९-९. फक्त सहा! उरलेल्या ९४ जोड्यांत वार लागतो. पडद्यावर ८०, प्रत्यक्षात ९४.

खेळात ० ते ९९ या संख्या असल्याने जोड्या १०,००० होतात. त्यांपैकी बेरीज १६० किंवा जास्त येणाऱ्या जोड्या ७८० आहेत. म्हणून पडद्यावरचे ८० टक्के प्रत्यक्षात ९२.२ टक्के असतात. याच रीतीने ९० चे ९८.१ होतात आणि ७० चे ८२.३. उलट बाजूला २० टक्क्यांचे ८.२ उरतात आणि १० टक्क्यांचे केवळ २.१. मध्यावरचे ५० मात्र जवळजवळ जागेवरच राहतात (५०.५). मोठा आकडा आणखी मोठा होतो, लहान आणखी लहान.

असे का व्हावे? याचे उत्तर आपल्या घरातल्या कवड्यांत आहे. सहा कवड्या टाकल्या आणि प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी सारख्याच सहजतेने पडते असे मानले, तर एकूण ६४ प्रकार होतात. सहाही उताण्या पडण्याचा प्रकार एकच. तीन उताण्या आणि तीन पालथ्या पडण्याचे प्रकार मात्र २०. अनेक अनिश्चित गोष्टी एकत्र केल्या की टोके दुर्मीळ होतात आणि मधली गर्दी वाढते. दोन संख्यांच्या सरासरीचेही तेच. सरासरी ८० किंवा त्यापुढे जायची, तर दोन्ही संख्या मोठ्या यायला हव्यात. तसे क्वचितच होते.

आता याचा परिणाम पाहा. ८० टक्क्यांचे पाच वार लागोपाठ करायचे आहेत. जुन्या रीतीने पाचही लागण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ३३ टक्के. नव्या रीतीने सुमारे ६७ टक्के. तिनातून एकदा जमणारी गोष्ट तिनातून दोनदा जमू लागते. खेळणाऱ्याचे वार बहुधा मोठ्या आकड्यांचे असतात आणि तो जपून खेळला तर शत्रूचे लहान आकड्यांचे. म्हणून दोन्हीकडून फायदा त्याचाच.

हातातल्या यंत्रांवरच्या या खेळांनी नशिबाचा तडाखा इतर मार्गांनीही सौम्य केला. 'टॅक्टिक्स ओगर'च्या २०१० च्या आवृत्तीत पन्नास पाळ्यांपर्यंत मागे जाऊन वेगळी चाल करता येते. त्याच वर्षी डीएसवर आलेल्या मार्थच्या दुसऱ्या खेळात, पडलेला शिपाई पुढच्या लढाईला परत येईल, अशी सवलत निवडता येऊ लागली.

आमच्या मते या युक्तीचे मूळ माणसाच्या मनात आहे. ऐंशी टक्के हा आकडा आपण 'बहुतेक नक्की' असा वाचतो. लागलेले चार वार विसरतो आणि हुकलेला पाचवा मनात धरून बसतो. खरे ऐंशी आपल्याला खोटे वाटतात, ब्याण्णव मात्र ऐंशीसारखे वाटतात. खेळ करणाऱ्यांनी माणसाची समजूत बदलण्याऐवजी यंत्राचे गणित बदलले. करमणुकीत त्याने काही बिघडत नाही. पण ज्या मुलाच्या मनात 'ऐंशी म्हणजे जवळजवळ नक्कीच' हे असे पक्के झाले, तो उद्या आणखी एका ठिकाणी टक्के वाचणार आहे.

आमच्या वर्गांतली बरीच मुले कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या घरांतली आहेत. भारतीय हवामान विभाग मोसमी पावसाच्या हंगामाचा अंदाज देतो, तेव्हा कमी, सरासरीइतका, जास्त अशा गटांची शक्यता टक्क्यांत सांगतो. फोनवर रोजच्या पावसाचेही टक्के दिसतात. जूनमध्ये एक सर पडते, फोनवर पुढच्या पावसाचे ८० टक्के दिसतात, पेरणी होते आणि मग पाऊस दडी मारतो. दुबार पेरणी म्हणजे काय, ते वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. अशा वेळी 'अंदाज खोटा निघाला' असे आपण म्हणतो. पण ८० टक्क्यांचा अंदाज पाच वेळा दिला, तर सरासरीने एकदा पाऊस न येणे हे त्या अंदाजातच सांगितलेले असते. आभाळ दोन चिठ्ठ्यांची सरासरी काढत नाही आणि तिथे पन्नास पाळ्या मागेही जाता येत नाही.

म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. उरलेले वीस टक्के गृहीत धरूनच तो दिलेला आहे. चांगला खेळाडूही असेच करतो. वार हुकला तर काय, हे ठरवून मगच तो शिपाई पुढे काढतो.

शाळेत एक प्रयोग सहज करता येईल. जून ते सप्टेंबर रोज सकाळी फोनवर दिसणारे पावसाचे टक्के मुलांनी वहीत लिहावेत. समोर दुसऱ्या दिवशी पाऊस पडला की नाही, एवढेच नोंदवावे. शेवटी ७० ते ९० टक्के सांगितलेले सगळे दिवस वेगळे काढावेत आणि त्यांपैकी किती दिवस खरोखर पाऊस झाला, ते मोजावे. दहा दिवसांवरून काही ठरवू नये. चाळीस-पन्नास दिवस हाती आले, तर त्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा, हे मुलांनाच कळेल. एका दिवसावरून अंदाज खरा की खोटा, हे ठरत नाही. ते पुष्कळ दिवसांच्या मोजणीवरून ठरते.

त्या विद्यार्थ्याला आम्ही चिठ्ठ्यांचा डबा दिला. शंभर वेळा काढून लिही, म्हटले. एकच चिठ्ठी काढायची आणि ८ किंवा ९ आला की वार हुकला म्हणायचे. मधल्या सुटीत डबा घेऊन तो व्हरांड्यात बसला, भोवती पाच-सहा जण जमले. त्याचे १७ वार हुकले. त्यांपैकी तीन लागोपाठ होते. ''डब्बा बी फसवते का मंग?'' कोणीतरी विचारले. तो हसला आणि वही मिटून वर्गात गेला.