धरणाने पांगवले, आवाजाने जोडले

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुढे पाणी चढत गेले आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील गावे उठली. एका विहारात बसणारी माणसे निरनिराळ्या पुनर्वसन गावठाणांत गेली. अशा पांगलेल्या समाजाला कोण बांधून ठेवणार?

एकच शब्द एकाच वेळी सर्वांच्या कानी पडणे, हीसुद्धा समाजाची बांधणीच आहे, असे आम्ही मानतो. बाबासाहेबांनी ही ताकद फार आधी ओळखली होती. १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' त्यांनी सुरू केले. ज्या वस्तीत वाचता येणारा एखादाच, तिथे त्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे.

१९५४ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या भंडाऱ्यातूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. त्यात ते पराभूत झाले. पण त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला आकाशवाणीवरून त्यांचा आवाज देशभर गेला. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे त्यांनी त्या भाषणात सांगितले. दोन वर्षांनी नागपुरात धम्मक्रांती झाली.

१४ ऑक्टोबर १९५६ चा सोहळा पाहायला नागपूरला जावेच लागत होते. आज दीक्षाभूमीवर न पोहोचलेली म्हातारी माणसेही तो सोहळा घरबसल्या पाहतात. २०१६ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात भीमजयंती साजरी झाली. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात बाबासाहेबांच्या १९ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. ही दृश्ये मोबाईलवरून खेड्यापाड्यांत आली. आपण एकटे नाही, ही जाणीव मजुरी करून परतलेल्या माणसाला मोठा आधार देते.

परंतु सावध राहिले पाहिजे. धरणाचे दरवाजे उघडले की पाण्याची चित्रे सगळीकडे फिरतात; त्या पाण्याखाली गेलेल्या अंगणाची गोष्ट क्वचितच कोणी सांगतो. शिवाय घरात चार मोबाईल आणि चौघांची चार तोंडे चार दिशांना, असे झाले तर यंत्र जोडत नाही, तोडते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. रविवारी विहारात एकत्र बसा. बाबासाहेबांवरचा एखादा कार्यक्रम सर्वांनी मिळून पाहा, नंतर त्यावर बोला, आयाबहिणींना आधी बोलू द्या. मुलामुलींनी आजी-आजोबांकडून बुडालेल्या गावाची हकिकत मोबाईलमध्ये भरून घ्यावी: विहीर कुठे होती, पंचशीलेचा झेंडा कुठे फडकत होता, मोबदला केव्हा आणि किती मिळाला. मग ती दुसऱ्या गावठाणातल्या आप्तांना पाठवावी. मूकनायकाच्या लेकरांनी नुसते ऐकत बसू नये, बोलावेही. जयभीम!