वेषघरापासून देखाव्यापर्यंत

प्राचीन ग्रीक भाषेतील ‘स्कीनी’ या शब्दाचा मूळ अर्थ तंबू किंवा झोपडी असा आहे. अथेन्समध्ये नटांना मुखवटे व वेष बदलता यावेत म्हणून नृत्यभूमीमागे उभारलेल्या लाकडी आडोशाला तेच नाव मिळाले, आणि इ. स. पू. 458 मधील एस्किलसच्या ‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीत हा आडोसा राजवाड्याचे दर्शनी रूप बनला. रंगवलेल्या देखाव्याचे श्रेय ॲरिस्टॉटल सोफोक्लीसला देतो.

मराठी रंगभूमीवर स्थळ दाखवण्याचे हे काम रंगीत पडद्यांनी केले. 1880 च्या ‘संगीत शाकुंतल’नंतर बहरलेल्या संगीत नाटकांत राजदरबार, बाग, जंगल, रस्ता असे ठरावीक पडदे असत; खालच्या कडेला दांडा असलेला पडदा दोरांनी गुंडाळत वर नेला, की मागचे स्थळ दिसू लागे. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर असे पडदे रंगवण्यासाठी नावाजलेले होते. दूरच्या वस्तू लहान रंगवून, म्हणजे यथादर्शनाने, खोलीचा भास साधला जाई. मात्र नट पडद्याजवळ सरकला, की तो रंगवलेल्या खांबाहून उंच दिसे आणि तो भास मोडे.

यवतमाळ जिल्ह्यातील दंडार या लोकनाट्याला मात्र असा पडदा लागत नाही. मोकळ्या जागेत वाद्यांच्या तालावर नाचगाण्यातूनच तिचा खेळ रंगतो.

आज मराठीत देखाव्याला ‘नेपथ्य’ म्हणतात. संस्कृतात मात्र हा शब्द नटांचा वेष आणि रंगमंचामागील वेषघर यांसाठी होता. ‘स्कीनी’ आणि ‘नेपथ्य’ या दोन्ही शब्दांचा रंगभूमीवरील प्रवास असा वेष बदलण्याच्या जागेपासूनच सुरू झाला आहे.