घर बघायला जाताय? रंग नाही, भिंत बघा!



दुकानात माल आला की आपण पोतं उघडून बघतो, वजन करतो, मगच बिलावर सही करतो. बरोबर ना? आणि घर मात्र वीस मिनिटांत पसंत करतो.

मीही तेच केलं. आमच्या कान्हे गावात एप्रिलमध्ये एक जुना फ्लॅट बघितला. नवा रंग, भरपूर उजेड. लगेच टोकन दिलं. जुलैत पश्चिमेची भिंत गच्च ओली! दिवाळीच्या मालाचे पैसे वॉटरप्रूफिंगला गेले आणि ऐन सीझनला दुकानातल्या फळ्या रिकाम्या राहिल्या.

म्हणून पहिला नियम: मावळात घर बघायचं तर धो धो पावसात बघा. ते जमणार नसेल, तर पावसाच्या खुणा शोधा.

1. ओल: पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंती, खिडकीखालचा भाग, बाथरूमच्या मागची भिंत. हात फिरवा. पोपडे, पांढरी खार, बुरशीचा वास? आणि एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर का, ते विचारा. वरचा मजला असेल तर गच्चीवर चढाच.

2. भेगा: गिलाव्यावरची केसासारखी भेग फारशी काळजीची नसते. पण कॉलम किंवा बीमला भेग आणि गंजाचे डाग दिसले, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

3. पाणी: सगळे नळ एकदम सोडा. धार बारीक होते का? मोरीत बादली ओता, पाणी तुंबतं का? उन्हाळ्यात टँकर किती लागतात, हे मालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा.

4. वीज: प्रत्येक बटण दाबून बघा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

5. आजूबाजू: रात्री एकदा जा. रेल्वेलाईन जवळ असेल तर गाड्यांचा आवाज तेव्हाच कळतो. इंद्रायणीच्या बाजूला असाल तर जागा पूररेषेत येते का ते बघा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या.

6. टेप: सोबत न्या. खोल्या मोजा आणि कागदावरच्या कार्पेट एरियाशी ताडून बघा.

आता कागद. भोगवटा प्रमाणपत्र मागा. जुनं घर असेल तर इंडेक्स टू, घरपट्टीची पावती, सोसायटीचा ना-हरकत दाखला बघा. नवा प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या वेबसाइटवर नंबर टाका. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष कळवला, तर त्याने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. माझी बिल्डिंग त्याहून जुनी, म्हणून सगळा खर्च माझ्याच खिशातून!

शेवटी धंद्याची गोष्ट. दोष सापडला म्हणून घर सोडलंच पाहिजे असं नाही. मिस्त्रीला बोलवा, दुरुस्तीचा अंदाज कागदावर घ्या आणि तो आकडा किमतीतून कमी करायला सांगा. पण हे बोलणं टोकन देण्याआधी करायचं. टोकन दिलं की आपला भाव संपला.