वरचं दूध, देशी गाय आणि मुलांचा टाइप वन मधुमेह

सहा-सात वर्षांच्या मुलाला टाइप वन मधुमेह निघाला की इन्सुलिनची पहिली बाटली फ्रिजमध्ये जाण्याआधीच घरात चौकशी सुरू होते. "अंगावर किती महिने पाजलंस?" "वरचं दूध कधी लावलंस?" "चॉकलेटं फार द्यायचात का?" उत्तरं द्यायची असतात ती आईनेच. तिच्यावर हा आरोप ठेवण्याइतका पुरावा कुणाकडेच नाही.

चॉकलेटचा मुद्दा लगेच निकालात निघतो. गोड खाल्ल्याने टाइप वन होत नाही. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते आणि हे काम लक्षणं दिसण्याच्या कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं आधी सुरू झालेलं असतं. आजोबांना साठीत झालेला मधुमेह हा वेगळा आजार. "आमच्या घराण्यात नाही, मग हिच्याकडूनच आला" हेही चूक, कारण टाइप वन झालेल्या बहुतेक मुलांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना तो नसतो.

गायीच्या दुधावरचा संशय मात्र हवेतून आलेला नाही. १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक शोधनिबंध आला. नुकताच टाइप वन निघालेल्या फिनलंडमधल्या मुलांच्या रक्तात गायीच्या दुधातल्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली होती. या आजाराचं प्रमाण जगात सर्वाधिक फिनलंडमध्ये, त्यामुळे खळबळ उडाली. मग प्रश्न आला: बाळाला वरचं दूध द्यावंच लागलं आणि त्यातली प्रथिनं आधीच बारीक तोडलेली असली, तर आजार टळेल का? फिनलंडमध्येच २३० बाळांवर झालेल्या छोट्या चाचणीने २०१० मध्ये आशा दाखवली.

खरी परीक्षा 'ट्रायगर' या चाचणीने घेतली. १५ देशांतली २,१५९ बाळं, प्रत्येकाच्या अगदी जवळच्या नात्यात टाइप वन असलेलं कुणीतरी आणि बाळाच्या जनुकांतही धोका. निम्म्यांना गरज पडेल तेव्हा तोडलेल्या प्रथिनांची पावडर, निम्म्यांना नेहमीच्या धर्तीची. मुलांचा साधारण अकरा वर्षं पाठपुरावा झाला. २०१८ मध्ये निकाल आला: खास पावडरवाल्यांत ८.४ टक्के मुलांना मधुमेह, नेहमीच्या पावडरवाल्यांत ७.६ टक्के. म्हणजे फायदा शून्य. मधुमेह टळावा एवढ्याचसाठी कुणी महागडा डबा सुचवत असेल, तर हा निकाल त्याच्यासमोर ठेवा.

आपल्याकडे आता याच संशयाला नवं रूप आलंय. जर्सी गायीच्या 'ए-वन' दुधाने मुलांना मधुमेह होतो, देशी गायीचं 'ए-टू' द्या, असे मेसेज घराघरांतल्या ग्रुपवर फिरतात. त्यामागे न्यूझीलंडच्या संशोधकांनी केलेली देशादेशांची तुलना आहे: कुठे कोणतं दूध जास्त प्यायलं जातं आणि कुठे आजार जास्त आहे. अशा तुलनेतून शंका काढता येते, कारण सिद्ध होत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये सगळा पुरावा तपासला आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असंच सांगितलं. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला गीर असो वा जर्सी, कोणत्याच गायीचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये. त्याने अंगातलं लोह कमी पडतं. आणि देशी दूध सुरू केलं म्हणून कुणी मुलाचं इन्सुलिन थांबवलं, तर ते त्याच्या जिवावर बेतेल.

मग आईच्या दुधाचं काय? नॉर्वे आणि डेन्मार्कमधल्या दीड लाखावर मुलांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आईचं दूध अजिबातच मिळालं नाही त्यांच्यात टाइप वन जास्त दिसला. पण ज्यांना मिळालं त्यांच्यात ते किती महिने मिळालं, याने फरक पडला नाही. चार महिन्यांनी दूध आटलं म्हणून वर्षानुवर्षं स्वतःला कोसणाऱ्या आईपर्यंत हे पोहोचलं पाहिजे. अंगावर पाजावं, पहिले सहा महिने निव्वळ तेच द्यावं. जुलाब, न्यूमोनियापासून बाळाचं रक्षण होतं, हे कारण पुरेसं आहे.

गव्हाची भीतीही अशीच. तीन महिन्यांच्या आत ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, दिलेल्या बाळांत धोका वाढलेला दिसला होता, म्हणून जर्मनीत काही बाळांना ते वर्षाचं होईपर्यंत दिलंच नाही. काही फायदा झाला नाही. तेव्हा सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण करा. नाचणी, तांदूळ, डाळ यांच्याबरोबर गहूही येऊ द्या.

सावध राहायचं ते लक्षणांबाबत. मूल सारखं पाणी मागतंय, सारखी लघवी होतेय, सुटलेली सवय मोडून पुन्हा अंथरूण ओलं करतंय, भरपूर खाऊनही वाळतंय, तर ते जंतांवर किंवा उन्हाळ्यावर ढकलू नका. उलट्यांना पोट बिघडलं समजलं जातं, जोरात चालणाऱ्या श्वासाला न्यूमोनिया समजलं जातं, आणि थकलेल्या मुलाला ग्लुकोजचं सलाइन लागतं. ते लावण्याआधी बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन साखर तपासायला सांगा.