पहिलं कूळ

टँकमध्ये हात घातला की तो येतो. माझ्या अंगठ्याच्या जेमतेम दीडपट. काळाकुळकुळीत, कपाळावर एक पांढरा ठिपका आणि दोन्ही कुशींवर एकेक. वय वाढलं तसे ते ठिपके धुरकट होत चाललेत. आधी कपारीतून नुसता बघतो, मग सगळे पर ताठ करून पुढे सरकतो आणि मनगटाच्या आतल्या मऊ बाजूला चावतो. रक्तबिक्त येत नाही. आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय, एवढं मात्र कळतं.

दुकानात याला डॉमिनो म्हणतात. डॅमसेलच्या गोतावळ्यातला, आणि त्यातही भांडखोर. लहानपणी समुद्रफुलांच्या आसऱ्याला राहतो, मोठेपणी वीतभरापेक्षा कमीच भरतो. मी तो सुंदर म्हणून नव्हे, स्वस्त आणि चिवट म्हणून घेतला. तिथेच चुकलो.

चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणी या नावातच तळं आहे. तिरु-अल्लि-केणी, म्हणजे कुमुदांचं पवित्र तळं. पार्थसारथी मंदिरासमोरच्या त्या गोड्या तळ्यापासून दोन गल्ल्यांवर, जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर, माझं खारं तळं आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी साधारण सव्वादोनशे लिटर. काच, दगड धरून तीनशे किलोंचा ऐवज. घरमालकांनी तो तुळईच्या वरच, भिंतीला लागून ठेवायला लावला आणि त्यांचं बरोबर होतं.

येणारा प्रत्येक पाहुणा एकच विचारतो: समुद्र दहा मिनिटांवर असताना मिठाची पोती कशाला आणता? मरीनाचं पाणी आणून बघा म्हणावं. नेपिअर पुलापाशी कूवम नदी शहराची सगळी घाण घेऊन समुद्राला मिळते. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस कोसळला की किनाऱ्यालगतच्या पाण्याचा खारेपणाच उतरतो. म्हणून आरओचं पाणी, त्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने सॉल्ट मिक्स, आणि रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून खिडकीकडे तोंड करून बघायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमा पस्तिसाच्या रेघेवर आली पाहिजे. पाणी उडतं, मीठ उडत नाही. तेव्हा रोजची भर गोड्या पाण्याची. ही गोष्ट मला एकदा समजावून सांगितली होती आणि तरी पहिल्या महिन्यात मी खारं पाणीच ओतत होतो.

दगड सिरॅमिकचे, भाजलेले, सच्छिद्र. प्रवाळ नाही. २००१ पासून प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या पंगतीला बसलेत. मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा घरात शोभेला ठेवता येत नाही.

नवा टँक लगेच मासे घेत नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया येतो, एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जीवाणू दगडांच्या भोकांत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी विषारी. जुनी पद्धत अशी, की या काळात एखादा चिवट डॅमसेल सोडायचा. तो जगतो आणि त्याच्या घाणीवर जीवाणू पोसले जातात. आता जाणते लोक हे करत नाहीत, नुसता अमोनिया घालतात. मला दुकानदार अण्णांनी जुनी पद्धत सांगितली आणि मी डॉमिनो घेऊन आलो. सहा आठवडे तो एकटा होता. सव्वादोनशे लिटर, चाळीसेक कपारी, आणि तो.

मग मी क्लाउनफिशची जोडी आणली. समुद्रातून पकडलेली नाही, टाकीत जन्मलेली. मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं. आपल्याकडे ऐरोलीला कांदळवन कक्षानेही क्लाउनची पिल्लं वाढवलीत. जोडी घेताना एक मोठा, एक छोटा घ्यायचा. हे सगळे मासे जन्मतात नर. त्यांतला जो मोठा आणि वरचढ, त्याची मादी होते. सारख्या मापाचे दोन घेतले तर आधी मादी कोण हे ठरवण्यात पर फाटतात.

इथे तशी वेळच आली नाही. पिशवीतून बाहेर पडल्यावर दोन मिनिटांत डॉमिनो आला. त्याने धडक दिली नाही; आडवा उभा राहिला, अंग थरथरवलं, आणि मग एकदम शेपटीकडून. संध्याकाळपर्यंत दोन्ही क्लाउन फिल्टरच्या पाइपामागे, पाण्याच्या अगदी वरच्या थरात, एकमेकांना चिकटून तिरके उभे होते. लहानग्याची शेपटी फणीसारखी झाली होती.

कोनराड लोरेन्झने आक्रमकतेवरच्या आपल्या १९६३ च्या पुस्तकाची सुरुवातच प्रवाळावरच्या माशांपासून केली आहे. त्याचं म्हणणं, हे रंगीबेरंगी मासे मुख्यतः आपल्याच जातीवर तुटून पडतात, कारण तोच अन्नाचा आणि जागेचा भागीदार. पुढच्या अभ्यासकांनी डॅमसेलच्या बाबतीत यात भर घातली. काही जाती दगडावर शेवाळाचा वाफा राखतात, नको ते शेवाळ उपटून टाकतात, आणि तिथे चरायला येणाऱ्या कुठल्याही जातीच्या माशाला, प्रसंगी पाणबुड्यालाही, हाकलतात. कसेल त्याची जमीन! माझा डॉमिनो शेती करणाऱ्यांतला नाही, तो वाहत्या पाण्यातलं टिपून खातो. पण दगडाला कूळ लागलं होतं, हे खरं. खऱ्या खडकावर हरलेला मासा दहा हात लांब पळतो आणि भांडण मिटतं. चार फुटांत पळून पळून तो जाणार कुठे? पळालेलाही समोरच दिसतो, म्हणजे जिंकणाऱ्याच्या दृष्टीने अजून गेलेलाच नाही.

‘बळी तो कान पिळी’ हे इथे पुरं पडत नाही. मोठी क्लाउन डॉमिनोएवढीच होती. मी चेन्नईत आलो तेव्हा आठ महिने इथल्याच एका मॅन्शनमध्ये राहिलो. मॅन्शन म्हणजे ब्रह्मचाऱ्यांची लॉज, तिरुवल्लिकेणी त्यासाठी प्रसिद्धच आहे. खोलीत तीन खाटा. खिडकीजवळची, जिला दुपारी समुद्राचा वारा आधी लागतो ती, एका किडकिडीत हिशेबनिसाची. त्याला कुणीही उचलून बाजूला ठेवला असता. पण तो अकरा वर्षांचा होता, म्हणजे खोलीत अकरा वर्षं.

डॉमिनोला पकडायचं ठरलं. दिवसा जाळीने ते जमत नाही. जाळी पाण्याला लागायच्या आत तो दगडात. दगड काढले तर पाणी गढूळ होतं आणि क्लाउन आणखी बिथरतात. अण्णा म्हणाले, रात्री दोनला. खोलीतला दिवा न लावता टॉर्च कापडात गुंडाळून बघितलं. तो आपल्या कपारीत कुशीवर कलंडून, रंग फिका पडलेला, झोपला होता. अख्खा दगडच बादलीत घेतला. मग त्याला टँकमध्येच टांगलेल्या भोकाभोकांच्या प्लॅस्टिक टोपलीत टाकलं. बिग स्ट्रीटवर भांड्यांच्या दुकानात मिळते, भाजी धुवायची. पाणी तेच, अन्न तेच, फक्त पत्ता नाही.

तो तिथे पंधरा दिवस होता. पहिले तीन दिवस टोपलीच्या भिंतीला नाक लावून येणाऱ्या-जाणाऱ्या क्लाउनवर धावला. नंतर धावणं विरळ झालं. क्लाउनांना मात्र त्याच काळात सबंध टँक मिळाला. मंदिराजवळ पणत्या विकणाऱ्याकडून मी एक मातीची कुंडी आणून आडवी ठेवली होती. ती त्यांनी चौथ्या दिवशी धरली. त्याला सोडायच्या आदल्या संध्याकाळी मी सगळे दगड उपसले आणि नव्याने रचले. जुनी कपार मुद्दाम भिंतीकडे फिरवली. सोडलं ते दिवे बंद करून. सकाळी तो टँकभर फिरत होता, प्रत्येक भोकात डोकावत. कोपऱ्यातल्या नव्या चिरेत त्याने बस्तान बसवलं तेव्हा दुपार झाली होती आणि पाठलाग करायला त्याच्याकडे वेळ नव्हता.

कोळत्तूरला, जिथे शहराचा शोभेच्या माशांचा सगळा बाजार आहे, गिऱ्हाईक आधी रंग बघतं. अण्णा तोंड बघतात. लायनफिश भांडत नाही, असं ते सांगतात तेव्हा लोक खूश होतात. तो भांडत नाही, गिळतो. तोंडात मावेल ते अन्न, न मावेल तो शेजारी. वर काट्यांत विष. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून डॉक्टर गाठायचा. ट्रिगरफिशचं दुखणं निराळं. पाठीवरचा पहिला काटा उभा करून तो कपारीत स्वतःला अडसर घालतो आणि मागचा छोटा काटा दाबल्याशिवाय तो अडसर निघत नाही, म्हणून बंदुकीच्या घोड्यावरून नाव. त्याला दगड हलवायला आणि हीटरची वायर कुरतडायला आवडतं. या दोघांना आणायचंच तर सर्वांत शेवटी, आणि चार फुटांत नाहीच.

कोळंबी मी नडुकुप्पमच्या मासळीबाजारातून आणतो, वीस-पंचवीस, बारीक. मावशी दर वेळी तोच विनोद करतात: “तंबी, मीनुक्कु इराला?” माशाला कोळंबी? पुढे रस्ता ओलांडला की मरीना. तिथे १९०९ साली, मद्रास म्युझियमच्या एडगर थर्स्टनच्या पुढाकाराने मत्स्यालय सुरू झालं होतं. आपल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या बेचाळीस वर्षं आधी. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडलं. मासे कसे राखत असतील, विजेच्या पंपाची वानवा असताना, हा विचार मला डिसेंबर २०२३ मध्ये फार आला. मिचाँग वादळात वीज गेली आणि बॅटरीच्या छोट्या पंपावर टँक काढावा लागला. तिघेही पाण्याच्या पृष्ठभागाशी, बुडबुड्यांच्या रेघेत तोंड घालून, शेजारी शेजारी. भांडायला प्राणवायू लागतो. वीज आल्यावर तासाभरात डॉमिनोने लहानग्या क्लाउनला कोपऱ्यापर्यंत पिटाळलं, आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

या उन्हाळ्यात कुंडीच्या आत केशरी ठिपक्यांचा गालिचा दिसला. मोठी आता बोटभर झाली आहे, आणि मादी. लहानगा दिवसभर पंखांनी अंड्यांना वारा घालतो, एखादं पांढरं पडलेलं तोंडाने उचलून टाकतो. पाचव्या-सहाव्या दिवशी प्रत्येक ठिपक्यात दोन चंदेरी डोळे चमकू लागले. मादी कुंडीच्या तोंडाशी उभी. डॉमिनो एकदाच तिथवर गेला आणि शेपटीचा तुकडा देऊन आला.

काच पुसायला मी हात घातला. तो कोपऱ्यातून निघाला, अर्ध्या वाटेत थांबला. मनगटाला चावा बसला तो दुसऱ्या बाजूने.