करार कंपनीशी, नोंदी रुग्णाच्या

2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेकडो शेतकरी-शेतमजूर यवतमाळ जिल्ह्यातल्या रुग्णालयांत दाखल झाले. वीसहून अधिक जण दगावले. सगळ्यात मोठा भार पडला तो यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयावर. दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून फवारलेली, रुग्ण अर्धवट शुद्धीत, डबा शेतातच राहिलेला. विष नेमके कोणते, हे डॉक्टरांना सांगणार कोण? ऑर्गनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक असेल तर ॲट्रोपीन हा उतारा चालतो. वेगळ्या गटातले असेल तर उपचारही बदलतात. ही ओळख पटवायला मदत करणारी कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी तेव्हा तिथे होत नव्हती.

रुग्णालयाला साथ देऊ पाहणाऱ्या तंत्रज्ञान कंपनीने आधी अशा वॉर्डात येऊन उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. झरी जामणी किंवा उमरखेडच्या आरोग्य केंद्रातून डब्यावरच्या लेबलचा फोटो, फवारणीची वेळ आणि लक्षणे रुग्णवाहिकेच्या आधी यवतमाळला पोचली, तर डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचेल. याच नोंदींची रोजची तालुकावार बेरीज कृषी विभागाला मिळाली, तर धोका पहिल्या आठवड्यातच कळेल. हे सॉफ्टवेअर बनवणे फार अवघड नाही. पण रात्री दोन वाजता माहिती भरणार कोण? हातात सलाईन धरलेल्या परिचारिकेवर आणखी एक ॲप लादले, तर ते महिन्याभरात बंद पडेल. माहिती भरणाऱ्या माणसाचा पगारही करारात धरावा लागतो. जिल्ह्यात रुग्ण गोरमाटी, कोलामी, गोंडी बोलतात. केवळ हिंदी-इंग्रजी जाणणारे यंत्र त्यांची तक्रार कशी टिपणार?

सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली साधने आपल्याकडे आहेत. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने घडवलेल्या ई-संजीवनीवर उपकेंद्रातला रुग्ण दूरच्या तज्ज्ञाशी बोलू शकतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने सी-डॅकच्याच साथीने नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतचे काम फार पूर्वी संगणकावर आणले. यवतमाळचे कितीतरी रुग्ण तिथे जातात. तिथल्या डॉक्टरांनी ही व्यवस्था आपली मानली, म्हणून ती टिकली.

उलट अनुभवही राज्याच्या गाठीशी आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणकीय नोंदव्यवस्था एका खासगी कंपनीकडे होती. जुलै 2022 मध्ये थकीत देयकांच्या वादात ती बंद पडली. केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले, जुन्या नोंदी मिळेनात. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-हॉस्पिटल प्रणालीकडे वळावे लागले. मधल्या काळात जुना आजार घेऊन आलेल्या रुग्णाची काय चूक होती?

म्हणून करारातले सर्वांत महत्त्वाचे कलम शेवटाचे असते: कंपनी निघून गेली तर सगळ्या नोंदी, दुसऱ्या प्रणालीला वाचता येतील अशा स्वरूपात, रुग्णालयाकडे किती दिवसांत येतील? फुकट मिळणाऱ्या प्रायोगिक प्रकल्पांत तर हे आधी विचारावे. त्यात किंमत अनेकदा रुग्णांच्या माहितीने चुकवली जाते. एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय सांगणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकायला हजारो छायाचित्रे लागतात. ती देताना रुग्णाचे नाव काढलेले असावे, नैतिकता समितीची परवानगी असावी. 2023 चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदाही संमतीवर भर देतो.

तुमच्या गावच्या रुग्णालयात नव्या प्रणालीची फीत कापली जाईल, तेव्हा कराराची प्रत मागा. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. करार संपल्यावर माझ्या नोंदी कुणाच्या ताब्यात राहतील, हे लेखी विचारा.