मोबाईल आधी १०८ साठी

महामार्गावर दुचाकी घसरते, माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडतो आणि दोन मिनिटांत वीस-पंचवीस जण जमतात. अनेकांचे मोबाईल वर धरलेले असतात. व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पोहोचतो. पण १०८ ला फोन कोणी केला असे विचारले, तर सगळे एकमेकांकडे पाहतात. अशा वेळी ‘माणुसकी उरली नाही’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हाला वाटते, लोक का थबकतात हे समजून घेतले तरच ही सवय मोडता येईल.

पहिले कारण गर्दी हेच आहे. डार्ली आणि लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावले आणि मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. हे फक्त आपणच ऐकतो आहोत असे ज्यांना वाटले, त्यांपैकी ८५ टक्के जण लगेच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटले, त्यांपैकी फक्त ३१ टक्के उठले. ही माणसे निर्दय नव्हती; ‘दुसरा कोणीतरी जाईल’ असे प्रत्येकाला वाटले. मोबाईलने त्यात भर घातली आहे. व्हिडिओ पाठवला की आपण काहीतरी केले, असे खोटे समाधान मिळते.

दुसरे कारण भीतीचे. उचलणाऱ्यालाच पोलीस अडकवतील, कोर्टाच्या चकरा लागतील, दवाखाना पैसे मागेल. ज्या समाजाने पोलीस ठाण्याच्या दारात अपमान सोसले, त्याची ही भीती उगाच नाही. पण कायदा आता मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला सद्‌हेतूने मदत करताना काही चूक झाली, तरी त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. २०२० च्या नियमांनुसार नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव न करता सन्मानाने वागवावे, असेही त्या नियमांत लिहिले आहे. हा आपला हक्क आहे. तो पाठ असू द्या.

आता प्रत्यक्ष काय करायचे?

१. गर्दीत एकाकडे बोट दाखवून सांगा, ‘दादा, तुम्ही १०८ लावा.’ सगळ्यांना मिळून सांगितले तर कोणीच लावत नाही. १०८ न लागल्यास ११२ लावा. ठिकाण नीट सांगा.

२. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड, ओढणी, रुमाल जखमेवर घट्ट दाबून धरा. भिजले तरी काढू नका, वर दुसरे ठेवा.

३. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल, तर आग किंवा वाहनांचा धोका असल्याशिवाय हलवू नका.

४. हाक मारूनही प्रतिसाद नाही आणि श्वासही नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटीमीटर खोल दाब द्या. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते.

व्हिडिओ नेहमीच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. अत्याचाराच्या प्रकरणांत तोच पुरावा ठरतो. पण आधी फोन, मग मदत. आणि चित्रण केलेच तर ते तपासासाठी द्या. मुलाचा मृत्यू आईला ग्रुपवरून कळावा, यासारखी क्रूरता नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. मग संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची सेवा करावी. करुणा म्हणजे नुसते हळहळणे नव्हे; हात लावणे आहे. ज्यांच्या स्पर्शाला शतकानुशतके विटाळ म्हटले गेले, त्या आपल्यासाठी तर या शिकवणीचे मोल अधिकच आहे.

म्हणून आमची विनंती आहे : प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास प्रथमोपचाराला द्या. जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर किंवा परिचारिकांना बोलवा, छातीदाबाचा सराव करा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या गर्दीत उन्हाने किंवा चेंगराचेंगरीने कोणी कोसळला, तर त्याच्याभोवती मोबाईल नव्हे, शिकलेले हात असावेत.

जय भीम!